परक्याच्या विहिरीवर राष्ट्राची तहान

पश्चिम आशियात क्षेपणास्त्र सुटते आणि त्याची झळ अमरावतीजवळच्या वलगावच्या शेतकऱ्याला बसते. ट्रॅक्टरचे डिझेल, युरियासाठी लागणारा नैसर्गिक वायू आणि स्वयंपाकघरातील सिलिंडर, या तिन्हींची नाळ समुद्रापलीकडे जोडलेली आहे. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण युद्ध भडकताच तेलाचे भाव उसळले, ते होर्मुझची सामुद्रधुनी बंद पडेल या नुसत्या भीतीने!

अशा वेळी काही विद्वान बजावतात, ‘युद्धकाळात हवामानबदलाची चर्चा ही चैन आहे, आधी तेल मिळवा.’ हा युक्तिवाद वरवर व्यवहारी दिसतो. परंतु तो इतिहासाशी प्रतारणा करणारा आहे. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाच्या किमती जवळपास चौपट झाल्या. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले. तेलाच्या वाढलेल्या खर्चाने आधीच खंगलेली परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि १९९१ साली देशाला सोने गहाण टाकावे लागले. संकट टळले की धडाही विसरायचा, हीच खरी चैन नव्हे काय?

पाश्चात्त्यांचे उपदेशही तपासूनच घेतले पाहिजेत. २०२१ साली ग्लासगो येथे कोळशाविरुद्ध जगाला धडे देणाऱ्या युरोपात, रशियन वायू आटताच २०२२ मध्ये जर्मनीने राखीव कोळसा केंद्रे पुन्हा पेटविली. हा दुटप्पीपणा खराच; पण म्हणून तीच चूक भारताने करावी, असे मुळीच नाही.

‘कोळसा तर स्वदेशी आहे,’ असे कोणी म्हणेल. परंतु औष्णिक वीजकेंद्राला नुसता कोळसा पुरत नाही, पाणीही लागते. आणि वऱ्हाडात पाणी म्हणजे शेतकऱ्याचा प्राण. नांदगाव पेठच्या प्रकल्पाला अप्पर वर्धा धरणाचे पाणी देण्यावरून झालेला संघर्ष अमरावतीकर विसरलेले नाहीत. शिवाय वाढत्या उष्म्याने गळणारी संत्री कोणाच्या पदरात भरपाई टाकणार?

उपाय गावातच आहेत. २०१९ साली सुरू झालेल्या कुसुम योजनेतील सौर पंप डिझेलची जागा घेऊ शकतात. गोठ्यातील शेण गोबरगॅसला आणि त्याची मळी शेताला उपयोगी पडते. मात्र होर्मुझचे जोखड उतरवून चिनी सौरघटांचे जोखड मानेवर घेणे, याला स्वावलंबन म्हणता येणार नाही. पटले आणि घटही येथेच घडले पाहिजेत.

संत गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीकाठी देह ठेवला. गावात शिरताच ते प्रथम खराटा हाती घेत, उपदेश नंतर करीत. सरकारने काय करावे, हे जरूर सांगावे. पण प्रत्येक गावाने आपल्या गोठ्यापासून आणि विहिरीवरील पंपापासून आरंभ केला, तरच पुढच्या युद्धात भारताची मान कोणाच्या मुठीत राहणार नाही!