माळढोकाची जमीन कोणाची?

हिमायतनगर. जुने नाव वाढोणा. नांदेड जिल्ह्यातील या गावापलीकडे पैनगंगा वाहते आणि नदी ओलांडली की यवतमाळचा उमरखेड तालुका लागतो. आज ही दोन जिल्ह्यांची साधी सीमा आहे. परंतु १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, तेव्हापासून जवळपास शतकभर या पात्राच्या दोन काठांवर दोन राज्ये नांदत होती. एका काठावर इंग्रजी खात्यांचे नियम, दुसऱ्या काठावर निजामाचा अंमल. तितर उडून पलीकडे गेला की त्याच्यावरचा कायदा बदलत असे.

शिकारीचा इतिहास सांगताना बहुतेक जण बंदुकीपासून सुरुवात करतात. वाघावर पाय ठेवून उभे असलेले संस्थानिक, हत्ती, हाकारे. खरा प्रश्न मात्र बंदुकीचा नसून जमिनीचा आहे. पक्षी कोणाच्या भूमीवर उतरला आणि त्या भूमीत शिरण्याचा हक्क कोणाला होता? हा धागा त्या हक्काविषयी आहे.

निजामाच्या राज्यात जमीन एकाच धन्याची नव्हती. दिवाणी मुलूख सरकारच्या महसुलाचा. सर्फ-ए-खास म्हणजे खुद्द निजामाची खासगी मालमत्ता. उरलेला भाग जहागिऱ्या आणि पायगांचा. ज्याची जमीन त्याची शिकार, हा व्यवहार होता. साहेब परवान्यावर येत, सरदार निमंत्रणावर येत. १९४९ साली जहागिऱ्या खालसा झाल्या आणि सर्फ-ए-खासही सरकारजमा झाले, तोपर्यंत हीच रीत चालली.

मग ज्याला निमंत्रणही नव्हते आणि परवानाही नव्हता, तो कोठे जाई? तो जाई गायरानात, नदीकाठच्या पडिकात, गावाच्या शिवेवरच्या माळावर. हा माणूस म्हणजे फासेपारधी. मराठवाड्यात त्याला हरणशिकारी असेही म्हणतात. शिकवलेल्या बैलाच्या आडून हरणाजवळ सरकणे, पाळलेल्या तितराच्या हाकेवर रानातले तितर फासात ओढणे, लाव्यासाठी गवतात फास मांडणे, ही त्याची विद्या. त्याच्या शिकारीला सार्वजनिक जमीन लागे, कारण त्याच्या नावावर कोणतीच जमीन नव्हती.

या माळांबद्दल एक गोष्ट शाळेच्या पुस्तकात येत नाही. मराठेशाहीत घोडदळासाठी कुरणे राखली जात. गवत कापण्याची वेळ ठरलेली असे, नांगर घालण्यास मनाई असे. राजांच्या शिकारीसाठी रमणे राखले जात. हेतू निसर्गरक्षणाचा मुळीच नव्हता. पण घोड्यासाठी राखलेल्या गवतात जमिनीवर अंडी घालणारे पक्षी सुरक्षित राहिले. लष्कर मोडले, कुरणांचे कारण संपले, आणि नव्या महसुली हिशेबात गवताळ जमिनीला नाव मिळाले ‘पडीक’. ज्या जमिनीवर सारा आकारता येत नाही ती निरुपयोगी, ही दृष्टी तेव्हा आली ती आजतागायत गेलेली नाही. स्वतंत्र भारतातील पडीक जमिनींच्या शासकीय नकाशांतही गवताळ माळ मोठ्या प्रमाणावर ‘पडीक’ म्हणूनच रंगवला गेला.

या माळाचा धनी म्हणजे माळढोक. सुमारे मीटरभर उंच, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत. उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. मादी बहुधा एका विणीला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. बाबराने आपल्या आत्मचरित्रात या पक्ष्याच्या मांसाची मनापासून वाखाणणी केली आहे आणि तेथूनच त्याचे दुर्दैव सुरू झाले म्हणायला हरकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजाने अहमदनगर भागात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एक माणूस, एक जिल्हा, ९६१ पक्षी. साऱ्या भारतात आज जितके माळढोक उरले आहेत त्यांच्या कित्येक पट.

जालन्याच्या छावणीत काही वर्षे राहिलेला लष्करी डॉक्टर जर्डन याने पुढे भारतीय पक्ष्यांवरचा मोठा ग्रंथ लिहिला. दख्खनच्या पक्ष्यांचे शास्त्र मराठवाड्याच्या माळावरही घडले, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे. त्या काळी शास्त्रज्ञ आणि शिकारी एकाच बंदुकीने काम करीत, हेही सोबत सांगायला हवे.

येथे अमेरिकेकडे एक नजर टाकावी. तेथील रानटी टर्की विसाव्या शतकाच्या आरंभी संपण्याच्या वाटेवर होता. १९३७ साली पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे वळवला. एका राज्यातले पक्षी पकडून दुसऱ्या राज्यात सोडले गेले, सरकारी जंगले परवानाधारक शिकाऱ्यांना खुली राहिली, आणि शतकाच्या अखेरीस टर्कींची संख्या कित्येक लाखांवर गेली. आता काही राज्यांत ती पुन्हा घसरते आहे आणि कमी पक्ष्यांसाठी सार्वजनिक जमिनीवर शिकाऱ्यांची गर्दी होते आहे. हे उदाहरण दाखवून ‘भारतानेही शिकार खुली ठेवायला हवी होती’ असे म्हणणारे आढळतात. ते एक साधी गोष्ट विसरतात. टर्कीची मादी एका खेपेला दहा-बारा अंडी घालते. माळढोक एक घालतो. हिशेब मुळातच वेगळा आहे. शिवाय ज्या जमिनी अमेरिकेत ‘सार्वजनिक’ म्हणवल्या जातात त्यांतील बराच भाग मूलनिवासींकडून काढून घेतलेला होता, हेही त्या यशोगाथेत सहसा येत नाही.

भारतात काय झाले? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माळढोकाला पहिल्या अनुसूचीत घातले. योग्यच झाले. पण त्याच कायद्यात इतर अनेक प्राण्यापक्ष्यांच्या शिकारीसाठी परवान्याची सोय होती आणि ती १९९१च्या दुरुस्तीपर्यंत राहिली. परवाना कोणाला मिळे? ज्याच्याकडे बंदूक, अर्ज आणि पत्ता होता त्याला. फासेपारध्याकडे यांपैकी काहीच नव्हते. १८७१च्या कायद्याने ‘गुन्हेगार जमाती’ नावाचा वर्ग निर्माण केला होता आणि पुढे पारध्यांचे अनेक गट त्यात ढकलले गेले. १९५२मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला. वीस वर्षांनी नव्या कायद्याने त्यांच्या हातातला फास हाच गुन्हा ठरवला. भावनगरच्या राजघराण्यातील धर्मकुमारसिंहजी शिकारीकडून संरक्षणाकडे वळले आणि १९६९ साली त्यांनीच देशात सुमारे १,२६० माळढोक उरल्याचा अंदाज मांडला. त्यांचे काम मोलाचे आहे, वादच नाही. पण बंदूक खाली ठेवणारा राजपुत्र पक्षितज्ज्ञ ठरतो आणि फास खाली ठेवणारा पारधी आरोपीच राहतो, ही विषमता इतिहास शिकणाऱ्यांनी नोंदवायला नको का?

महाराष्ट्राने १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य घोषित केले. क्षेत्र जवळपास ८,५०० चौरस किलोमीटर! नकाशावर रेघ ओढताना तीत शेकडो गावे, खासगी शेते, बाजारपेठा सारे आले. शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा व्यवहार करताना अडचणी येऊ लागल्या आणि त्याचा राग पक्ष्यावर निघाला. अखेर हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर उजनीच्या पाण्यावर ऊस पसरला होता, माळावर झाडे लावून तो ‘हिरवा’ करण्याची हौसही फिटली होती. गवताच्या पक्ष्याला झाडी नको असते, हे साधे सत्य वृक्षारोपणाच्या उत्साहात हरवले. आता नान्नजला एखादा माळढोक दिसणे हीच बातमी ठरते. देशातील संख्या २०१८च्या सुमारास दीडशेवर आली. उरलेले बहुतेक राजस्थानात, आणि तेथे विजेच्या तारा त्यांचा जीव घेतात. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला, २०२४मध्ये तो सौम्य करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला.

मग माळ वाचवायचा तर कोणाकडून घ्यायचा? मराठवाड्यात हा प्रश्न फार जपून विचारावा लागतो. येथील गायराने केवळ गुरांची आणि पक्ष्यांची नाहीत. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी पडीक जमीन कसणाऱ्याला मिळावी ही मागणी देशासमोर ठेवली. असंख्य दलित आणि भटक्या कुटुंबांनी गायरानाचा तुकडा कसून पहिल्यांदा स्वतःची भाकरी पिकवली. १९९१च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९०पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले, तरी सातबाऱ्यावर नाव येण्यासाठी लोक अजून खेटे घालत आहेत. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले, तेव्हा सर्वांत आधी धास्तावली ती हीच कुटुंबे.

पक्षी वाचवण्यासाठी ही दोन-तीन एकरांची शेते मोकळी करा, असे जो म्हणेल त्याने आधी कुरणांचे काय झाले ते वाचावे. माळ भूमिहीनांनी संपवला नाही. तो धरणाच्या कालव्यांनी, उसाने, औद्योगिक वसाहतींनी आणि ‘पडीक’ या एका महसुली शब्दाने संपवला. सौरऊर्जेच्या प्रकल्पांनाही आता तोच माळ स्वस्त वाटतो, कारण कागदावर तेथे काहीच नाही.

करण्यासारखे काम रुक्ष आहे. गावनोंदींत गवताळ माळाला ‘पडीक’ऐवजी स्वतःचे नाव द्यावे. नियमित झालेल्या गायरानधारकाचा सातबारा पक्का करावा आणि उरलेल्या सलग माळावर नवा प्रकल्प बसवण्यापूर्वी पक्ष्यांची गणना सक्तीची करावी. ती गणना कोणी करावी, याचे उत्तर विदर्भात मिळाले आहे. अकोला-वाशीमच्या माळांवर माळढोकाचा लहान भाऊबंद तणमोर अजून तग धरून आहे आणि त्याचा माग काढण्याच्या, घरटी राखण्याच्या कामात फासेपारधी तरुण उतरले आहेत. तणमोराचा नर विणीच्या काळात गवतातून उंच उसळ्या घेतो. ती उसळी दुरून कोणत्या वेळी दिसते, मादी कोठे बसलेली असेल, हे त्यांना घरातून ठाऊक असते. आजोबांनी ते फास मांडण्यासाठी शिकवले होते.