जुन्या पिस्तुलाचा सौदा आणि ४५ दिवस

वरोऱ्यात जुनी मोटारसायकल घेणारा गृहस्थ पैसे मोजण्यापूर्वी तिची कागदपत्रे दोनदा तपासतो. जुने रिव्हॉल्व्हर घेताना मात्र 'माणूस ओळखीचा आहे, कागदाचे मागाहून पाहू' एवढ्यावर भागते. शस्त्राच्या बाबतीत हे 'मागाहून' कायद्याला मान्य नाही.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाने खासगी विक्रीस मज्जाव केलेला नाही. तथापि खरेदीदार परवानाधारक असला पाहिजे, आणि विक्रेत्याने त्याचे नाव व पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना अथवा जवळच्या ठाणेदारांना लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबले पाहिजे. येथे जोखमीची वाटणी मोठी विषम आहे. विक्रेत्याने केवळ ही सूचना चुकविली, तर शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. (महागाईने या पाचशे रुपयांचे काय केले, हे सांगायला अर्थशास्त्र नको.) उलट, ज्याच्या परवान्यात ते शस्त्र बसत नाही अशा खरेदीदाराचा ताबाच बेकायदा ठरतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन ते पाच वर्षांची कैद आहे. स्वस्त मिळालेल्या वस्तूची खरी किंमत अशी दुसऱ्याच खात्यावर पडते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आणखी एक गैरसमज संभवतो. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यात आहे. पण तो परवाना त्या बंदुकीपुरताच. त्याच्या आधारे पिस्तूल घेता येत नाही. शिवाय ९ मि.मी. पिस्तूल निषिद्ध बोअरमध्ये मोडते, सामान्य परवान्यावर ते चालत नाही. जवळ परवान्याची इतर शस्त्रे असूनही अशा पिस्तुलाच्या व एके-५६ रायफलीच्या बेकायदा ताब्यापायी अभिनेते संजय दत्त यांची दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये कायम केली, मात्र सहा वर्षांची शिक्षा पाच वर्षांवर आणली.

सर्वांत घातक प्रकार खोडलेल्या क्रमांकाचा. असे शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच क्रमांक खोडला, असे न्यायालय विरुद्ध पुरावा येईपर्यंत गृहीत धरते. दिवाळीत घराला रंग देताना चुना लागला, ही सबब तेथे टिकणारी नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि तिसरे शस्त्र वर्षभरात जमा करण्यास सांगितले. वडिलांच्या पश्चात कपाटात राहिलेली शस्त्रे वेगळीच. वारसांनी ती परस्पर विकण्याऐवजी ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावीत. परवाना मिळाल्यास परत घेता येतात, नाही तर रीतसर विकता येतात.

प्रशासनाकडूनही एका गोष्टीची अपेक्षा आहे. ४५ दिवस मोजायचे ते सूचना दिल्या तारखेपासून. म्हणून वरोऱ्याच्या ठाण्यात अर्ज देणाऱ्याच्या हाती तारीख व शिक्का असलेली पोच त्याच दिवशी पडली पाहिजे. त्या पोचेची एक प्रत खरेदीदारानेही मागून घ्यावी, आणि ती मिळेपर्यंत विसार देऊ नये.