आवाज न करणारा बदल

आमचं तेरखेडा फटाक्यांचं गाव. धडाम झाल्याशिवाय काही घडलं, असं इथे कुणी मानत नाही. पण सगळ्यांचंच तसं झालंय!

१९८० साली ग्रॉस-विटन जोडीला आणि स्वतंत्रपणे स्पेंटा वाडियांना द्विमितीय गेज सिद्धांतात एक अवस्थांतर सापडलं. पाणी उकळतं तसं नव्हे. ऊर्जा सलग, विशिष्ट उष्माही सलग. फक्त त्याच्या आलेखाला एक कोपरा. ही मॅट्रिक्सची गणितं पुढे द्विमितीय स्ट्रिंग सिद्धांतातही कामी आली, आणि मुंबईच्या टीआयएफआरमध्ये वाडिया, अविनाश धर, गौतम मंडल यांनी त्यावर काम केलं.

तरी कित्येक ठिकाणी नाव छापतात नुसतं ‘ग्रॉस-विटन’! परक्यांना कशाला बोल लावायचा? पोरांना तिसरं नाव आपण तरी कुठे सांगतो? कोपरा ऐकू येत नाही हो, तो बघावा लागतो.