बोरन्हाणाच्या दिवसांत

संक्रांत सरली की रथसप्तमीपर्यंत आपल्या हिंगोलीत कुठल्या ना कुठल्या घरातून दुपारी लेकरांचा गलका ऐकू येतो. काळे झबले आणि हलव्याचे दागिने ल्यालेले बाळ पाटावर बसते, डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे तुकडे ओघळतात. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला बदलत्या ऋतूची बाधा होऊ नये, म्हणून हे बोरन्हाण. मुख्यतः त्याच वयाला गाठणाऱ्या कावासाकी आजाराच्या जागृतीचा दिवसही याच सुमारास, 26 जानेवारीला असतो. झेंडावंदनाच्या लगबगीत तो आपल्या ध्यानी येत नाही.

1961 साली टोकियोत डॉ. तोमिसाकु कावासाकी यांच्यापुढे चार वर्षांचा एक तापलेला मुलगा आला. असे 50 रुग्ण चिकाटीने टिपून त्यांनी 1967 साली ते जगापुढे मांडले. पाच दिवस न हटणारा ताप, लाल पण चिपडे न धरणारे डोळे, फुटलेले ओठ, लालभडक जीभ, पुरळ, सुजलेले तळहात. आपण म्हणतो, गोवर असेल, उष्णता असेल. पुढे ताप आपसूक उतरतोही, बोटांच्या टोकांची साल निघू लागते, आईचा जीव भांड्यात पडतो. आणि नेमक्या त्याच सुमारास हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या फुग्यासारख्या फुगत असतात. उपचाराविना चारांतल्या एका लेकराच्या वाट्याला हे येते. पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन हे औषध मिळाले, तर शंभरांतल्या चार-पाचांच्याच.

फुगलेल्या धमनीत रक्ताची गाठ धरली, वाट अरुंद झाली, की काहींना बायपास करावी लागते. जपानचे शल्यविशारद सोइचिरो कितामुरा यांनी त्यासाठी छातीच्या आतली धमनी वापरली, कारण ती मुलाबरोबर वाढते. मुठीएवढ्याही नसलेल्या हृदयावर सुताहून बारीक टाके घालणाऱ्या त्या हातांना नमस्कारच करावा. तरीही आपल्या एकाही लेकरावर ती वेळ येऊ नये, असेच मनापासून वाटते.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीचे पथक येते, जन्मजात दोष हेरते. हा आजार मात्र दोन फेऱ्यांच्या मधेच येऊन जातो. त्यात हे दिवस हळद काढणीचे; आईबाप रानात, लेकरू आजीपाशी. ताप कधीपासून, असे डॉक्टरांनी विचारले की उत्तर येते, ‘झाले की तीन-चार दिवस’. दुधाचा हिशेब आपण भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहितोच. तापाचा पहिला दिवसही तिथेच लिहू या. पाचवी चौकट आली की लेकराला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे निघू, हृदयाच्या टू-डी इको तपासणीचे विचारू. हळद दोन दिवस रानात राहिली तरी चालेल.