दाराची किल्ली कोणाकडे?

अमेरिकेतील एओएल या कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप सेवा कायमची बंद केली. कालबाह्य झालेल्या यंत्रणेबद्दल हळहळण्याचे कारण नाही. परंतु या यंत्रणेमुळे वापरणाऱ्याला जे भान राहत असे, तेही तिच्याबरोबर लोपावे हे हितावह नव्हे.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. घरच्या संगणकाला जोडलेला मोडेम दूरध्वनीवरून निगमचा क्रमांक फिरवी, पलीकडच्या मोडेमशी त्याची कर्कश स्वरांत बोलणी होत, आणि नाव व परवलीचा शब्द जुळला तरच प्रवेश मिळे. वेग सेकंदाला ९,६०० बिट. आजच्या मोबाइलने टिपलेले ३ मेगाबाइटचे एक छायाचित्र त्या वेगाने यावयास पाऊण तास तरी लागला असता, आणि तोवर घरचा दूरध्वनी अडकून पडला असता. विद्यार्थ्यांच्या स्वस्त 'शेल' खात्यात केवळ अक्षरे दिसत. घरचा संगणक पडदा व कळफलक यांपुरताच उरे. खरे काम निगमच्या सर्व्हरवर चाले.

ही गैरसोय उघड होती, तसेच परावलंबनही उघड होते. क्रमांक लागला नाही की दार बंद आहे हे कळे, आणि ते कोणाच्या हाती आहे हेही ठाऊक असे. म्हणूनच निगमच्या मक्तेदारीविरुद्ध ओरड होऊ शकली व १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाले.

आज जोडणी अखंड व निःशब्द आहे. आपली पत्रे, छायाचित्रे, हिशेब दूरच्या सर्व्हरवर राहतात. हातातील यंत्र पुष्कळ अंशी पुन्हा पडदाच झाले आहे. दार मात्र दिसेनासे झाले आहे. ते बंद होते तेव्हाच त्याची आठवण होते. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये खंडित झालेली वेगवान मोबाइल सेवा सर्वत्र पूर्ववत होण्यास फेब्रुवारी २०२१ उजाडला. दंगलीच्या प्रसंगी अफवांना आवर घालण्याची शासनाची जबाबदारी कोणी नाकारणार नाही. तथापि, इंटरनेटद्वारे होणाऱ्या अभिव्यक्तीला व व्यवसायाला घटनेचे संरक्षण आहे, अनिश्चित काळासाठी ते बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी बजावले आहे.

या निर्णयाचे काटेकोर पालन व्हावयास हवे. तोच न्याय खासगी कंपन्यांनाही लावला पाहिजे. कोणाचे खाते बंद करावयाचे तर कारण सांगावे, त्याचे म्हणणे ऐकावे व त्याची कागदपत्रे त्याला परत न्यावयास मुभा द्यावी. ज्याच्या हाती किल्ली आहे त्याला जाब विचारण्याची सोय नसेल, तर वेग कितीही वाढला तरी नागरिक दाराबाहेरच तिष्ठत राहील.