कडुनिंब तोडू नका, अबोली लावा

शिरूर आणि दौंड हे दोन तालुके मुळातच सावलीत वसले आहेत, असे म्हटले तर तुम्ही हसाल. मे महिन्यात भर दुपारी दौंडच्या स्टेशनाबाहेर पाऊल टाकलेल्या माणसाला तर ही थट्टाच वाटेल. पण भूगोलाचे पुस्तक उघडून पाहा. सह्याद्री पावसाळी ढगांना अडवतो आणि त्याच्या पूर्वेचा हा मुलूख पर्जन्यछायेत येतो. भीमा उगम पावते ती भीमाशंकरच्या ओल्या रानात. तीच नदी दौंडला पोचते तेव्हा तिच्या काठावर वर्षभरात पडणारा पाऊस असतो जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. अशी ही सावली! ऊन तसेच राहते, पाणी मात्र अडते.

अशा प्रदेशात झाडाखालची गार जागा केवढी मोलाची! आणि नेमकी तीच आपण शाळेतल्या बागेच्या नावाखाली नाहीशी करावयास निघतो. माझी तक्रार आहे ती हीच.

काही वर्षांपूर्वी शिरूर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने गेलो होतो. पटांगणाच्या कडेला दोघांच्या कवेत न मावणारा कडुनिंब. त्याच्या खाली विटांची तिरपी किनार करून वाफा केलेला, आणि वाफ्यात गुलाब व झेंडू. गुलाबाच्या काड्या कंबरेपर्यंत वाढलेल्या, पण कळी एकही नाही. झेंडू उंच, किडकिडीत आणि एका बाजूला कललेला. शिपाईमामा म्हणाले, "निंबाखाली काही येत नाही, सर. त्याची सावलीच कडू." पावसाळ्यापूर्वी अर्ध्या फांद्या उतरवावयाचे ठरलेही होते.

मी मुलांना विचारले, "या वाफ्यावर दिवसातून किती तास ऊन पडते?" कोणालाच सांगता येईना. माती बदलून झाली होती, शेणखत घालून झाले होते, पाणी रोज दिले जात होते. ऊन मात्र कोणी मोजले नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, उजेडाच्या बाबतीत आपले डोळे आपल्याला फसवतात. उन्हातून सावलीत आलो की बाहुली मोठी होते आणि थोड्याच वेळात सारे काही लख्ख दिसू लागते. भर दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो. दाट झाडाखाली तो काही हजारांवर येतो, आणि वर्गात तुमच्या बाकावर काही शेकड्यांवर. डोळ्याला हा फरक जाणवत नाही, पानाला जाणवतो. पान प्रकाशावर साखर तयार करते आणि श्वसनात ती खर्चही करते. जमा आणि खर्च जेमतेम जुळेल एवढाच प्रकाश मिळाला तर झाड जगते खरे, पण फुलांसाठी शिल्लक काही उरत नाही. झेंडूचा खर्च मोठा असतो. रानात दुसऱ्या झाडांच्या पायाशी वाढलेल्या झुडपांचा खर्च बेताचा असतो. त्यांची पाने पातळ, रुंद आणि गडद हिरवी असतात. थोडक्यात भागवण्याची त्यांना सवय असते.

झेंडू उंच का झाला, याचे उत्तर आणखी मजेशीर आहे. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते, पण त्यापलीकडचा, आपल्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा दूर-तांबडा प्रकाश ते बरेचसे खाली जाऊ देते. म्हणून झाडाखालच्या उजेडात तांबडा कमी आणि दूर-तांबडा जास्त असतो. हा फरक ओळखणारे फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य वनस्पतींमध्ये आहे. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे हॅरी बोर्थविक व स्टर्लिंग हेंड्रिक्स यांच्या गटाने त्याचा माग १९५२ मध्ये सॅलडच्या बियांवरील प्रयोगांतून लावला आणि १९५९ मध्ये ते प्रत्यक्ष हाती लागले. झेंडूसारख्या उन्हाळू झाडाला या रंगद्रव्याकडून निरोप मिळतो की डोक्यावर कोणी तरी आहे, वर निसटून जा! तो बिचारा सारी शक्ती खोड लांबवण्यात घालवतो. भिंतीच्या सावलीत असे होत नाही, कारण तिथे आभाळाचा उजेड न गाळता येतो. तेव्हा भिंतीची सावली आणि झाडाची सावली या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

भिंतीविषयी बोलतोच आहोत, तर आणखी एक सांगितले पाहिजे. बागकामाची बरीच पुस्तके मूळ इंग्लंडातल्या पुस्तकांवरून उतरलेली आहेत. त्यांत हमखास लिहिलेले असते की उत्तरेच्या भिंतीला बारमाही सावली. लंडनला ते खरे आहे. तिथे २१ जूनच्या दुपारीदेखील ४ मीटर उंच भिंतीची सावली उत्तरेला २ मीटर पडते. दौंड आणि शिरूर साधारण साडेअठरा ते एकोणीस अंश अक्षांशावर आहेत. इथे मे महिन्याच्या मध्यास सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, पुढे उत्तरेकडे सरकतो आणि जुलैअखेर पुन्हा डोक्यावरून दक्षिणेला परततो. मधल्या अडीच महिन्यांत आपल्या उत्तरेच्या भिंतीला दिवसभर ऊन असते! त्याच ४ मीटर भिंतीची दुपारची सावली डिसेंबरात साडेतीन मीटरांहून अधिक असते, एप्रिलच्या मध्यास हातभर उरते आणि मेमध्ये नाहीशी होते. म्हणजे सावलीची सर्वांत अधिक गरज असते, तेव्हाच भिंत आपल्याला सोडून जाते.

त्या दिवसांत भर दुपारी डोक्यावर छत्री धरतो तो कडुनिंब. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पाने गाळतो, पण एप्रिलच्या तोंडाला नवी पालवी घेऊन उभा असतो. चिंचेचेही तसेच. मोर आणि चिंचा यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीला उन्हाळ्यात गेलात, तर त्या सावलीची किंमत कोणी समजावून द्यावी लागणार नाही. गुलमोहर मात्र ऐन उन्हाळ्यात बहुधा पानांवाचून असतो. शोभेसाठी तो जरूर लावावा; त्याच्या सावलीच्या भरवशावर खाली नाजूक रोपे लावू नयेत.

आता "निंबाची सावली कडू" या म्हणण्याकडे वळू. त्याच्या पाल्यात काही बियांची उगवण रोखणारी द्रव्ये असतात, हे खरे आहे. पण रोपे मरतात ती प्रामुख्याने तहानेने. हलकी सर आली तर ती पानांवरच अडते आणि तिथूनच वाफ होऊन जाते. जमिनीवर जे पडते त्यावर निंबाच्या मुळांचा पहिला हक्क असतो. बागवानीत याला कोरडी सावली म्हणता येईल. महाबळेश्वरच्या रानातली सावली ओली असते. तिथला बेगोनिया आणि नेचे पाहून भुलू नये. सहलीहून आणलेली अशी रोपे आपल्याकडे मार्चपर्यंत टिकली तरी खूप झाले.

मग लावावे काय? माझे मत विचाराल तर पहिला मान अबोलीचा. ती मूळची दक्षिण भारत आणि श्रीलंकेतली. तिला दुपारचे ऊन नकोच असते. सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन आणि मग कवडशांची सावली मिळाली की ती वर्षातला बराचसा काळ फुलते. वास नाही म्हणून काही जण नाक मुरडतात, पण वेणीत दुसऱ्या दिवशीही टवटवीत राहणारी फुले किती आहेत? मात्र तिच्या मुळांना सूत्रकृमी त्रास देतात, म्हणून त्याच जागी पुन्हा पुन्हा लावू नये. झेंडूची मुळे काही सूत्रकृमींना आवरतात असे आढळले आहे. तेव्हा अबोलीच्या वाफ्याची जागा पालटून रिकाम्या उन्हाच्या तुकड्यावर झेंडू घेता आला, तर दोघांचीही सोय होते.

तगर ही दुसरी. एकेरी तगरीची पांढरी फुले मला दुहेरीपेक्षा अधिक आवडतात. ज्याची त्याची आवड. मंद उजेडात लाल रंग काळवंडतो आणि पांढरा उठून दिसतो, एवढे कारण सावलीत पांढरी फुले निवडावयास पुरेसे आहे. कढीलिंबाच्या जवळच्या नात्यातली कुंती अर्ध्या सावलीत चांगली वाढते आणि पावसानंतर एकदम बहरते. पारिजातक इमारतीच्या पूर्वेला द्यावा. पिवळी कोऱ्हांटी तर आपल्या माळरानाचीच. तिला लाड नकोत, पण तिचे काटे लक्षात ठेवून ती मुलांच्या वाटेपासून दूर लावावी. गुलबक्षी संध्याकाळी उमलते, म्हणून शाळेपेक्षा घरच्या अंगणात तिची मजा अधिक. चित्रकाच्या फुलाखालचा चिकट पेला भिंगाने जरूर पाहा. मुळाला मात्र हात लावू नका, त्याच्या रसाने कातडीवर फोड येतात.

फुटबॉल लिलीचे नाव मी मुद्दाम मागे ठेवले होते. तिचा कांदा हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत मातीत झोपून राहतो. त्या काळात तिला पाणी द्यावे लागत नाही, उलट दिले तर कांदा कुजतो. मे-जूनमध्ये जमिनीतून एकदम दांडा वर येतो आणि त्यावर तांबड्या फुलांचा चेंडू! पाणीटंचाईचे महिने झोपून काढणारे हे झाड शिरूर-दौंडच्या शाळांनी अजून फारसे का जवळ केलेले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. कांदा विषारी असतो, म्हणून लावल्यावर हात धुवावेत.

अनंताचा मोह पुष्कळांना होतो. पण दौंडकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत त्याची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ऊस लावणाऱ्यांच्या घरातल्या मुलांना हे ओळखीचे वाटेल. उसावर केवडा पडतो तोच हा प्रकार. मातीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. वडील उसाला हिराकस देतात ते याचसाठी. अनंत हवाच असेल तर कुंडीत लावावा, जमिनीत नको.

काही शिक्षक म्हणतील की एवढ्या खटाटोपापेक्षा फांद्या छाटलेल्या काय वाईट? मुलांना रंगीत फुले दिसावीत ही त्यांची तळमळ मला समजते. वाळलेली किंवा धोक्याची फांदी काढण्याला माझा विरोधही नाही. पण चार गुलाबांसाठी, जी सावली उभी राहावयास दोन पिढ्या लागल्या ती एका सकाळी उतरवणे, हा हिशेब मला पटत नाही. शेतकऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही. पानमळा करणारे लोक आधी शेवरी-हादगा लावून सावली तयार करतात आणि मग वेल चढवतात. ज्या पिकाला सावली लागते त्यासाठी ती मुद्दाम पेरणारी आपली माणसे, आणि आयती मिळालेली सावली आपण शाळेत तोडावी?

त्याहून मला खुपते ती दुसरी गोष्ट, झाडाभोवतीची फरशी. हल्ली पटांगण स्वच्छ दिसावे म्हणून बुंध्यापर्यंत सिमेंटचे ठोकळे बसवतात. त्यामुळे आधीच अपुरा असलेला पाऊस गटारात जातो. त्याऐवजी निंबाचा पाला तिथेच पसरू द्यावा, ओल टिकते. खड्डे वीतभरच खोल घ्यावेत, अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागले तर ते न तोडता खड्डा सरकवावा. बुंध्यावर मातीचा ढीग कधीही करू नये. लागवड जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाल्यावर करावी, आणि पहिला उन्हाळा निभावण्यासाठी रोपांमध्ये सच्छिद्र मडकी गळ्यापर्यंत पुरून ती आठवड्यातून दोनदा भरावीत.

त्या शाळेतल्या मुलांनी पुढे काय केले ते सांगतो. दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत, तासातासाला सावलीची कड रांगोळीने आखली आणि चौकटीच्या कागदावर उतरवून घेतली. एकाच्या मोठ्या भावाने मोबाईलवर प्रकाश मोजण्याची सोय आणून दिली. तिचे आकडे अचूक नसले तरी दोन जागांची तुलना करावयास चालले. वर्षाच्या शेवटी नकाशात तीन पट्टे दिसले. निंबाच्या अगदी पोटाखालचा पट्टा त्यांनी मोकळाच ठेवला, तिथे आता डबा खावयास बसतात. कडेच्या कवडशांत अबोली आणि तगर लागली. गुलाब गेले फाटकाजवळच्या उघड्या कोपऱ्यात, आणि तिथे त्यांना कळ्याही आल्या. निंबाची एकच फांदी गेली, ती विजेच्या तारेला लागत होती म्हणून.

परवा तिथल्या एका मुलीने अबोलीच्या वाळलेल्या शेंगा पाकिटात घालून मला पाठवल्या. वाळलेली, न फुटलेली शेंग पाण्याच्या वाटीत टाकावी आणि थांबावे. थोड्या वेळात ती फटकन फुटते आणि बिया लांब उडतात. पाण्याने शेंगेच्या कोणत्या भागात काय बदल होतो, थंड पाण्यात आणि कोमट पाण्यात लागणारा वेळ सारखाच असतो का, हे तुमच्या घड्याळाने मोजून पाहा. नुसत्या छाटांवर वाढवलेल्या काही जातींना बी धरत नाही, तेव्हा शेंगा गोळा करण्यासाठी जुनी केशरी अबोली शोधा.