पाणी नितळ झालं, पण जिवंत राहिलं का?



मेसईदच्या धक्क्याला रिकामं जहाज लागतं, तेव्हा ते खरं तर रिकामं नसतं. तोल राखण्यासाठी त्याच्या पोटात हजारो टन पाणी भरलेलं असतं. इथे माल चढतो तसं ते समुद्रात सोडलं जातं. त्यावर नीट प्रक्रिया झाली नसेल, तर दूरच्या बंदरातल्या शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लंही सोबत येतात.

याची किंमत उत्तर अमेरिकेने मोजली आहे. काळ्या आणि कास्पियन समुद्राकडचा झेब्रा शिंपला अशाच पाण्यातून तिथल्या गोड्या पाण्याच्या महासरोवरांत पोचला. १९८८ मध्ये तो सापडला. नखाएवढा हा जीव दिवसाला सुमारे लिटरभर पाणी गाळतो. पाणी नितळ झालं, लोक सुखावले. पण गाळलं जात होतं ते सूक्ष्म शेवाळ, म्हणजे तळ्याचं अन्न! हडसन नदीत १९९० च्या दशकात ते सुमारे ८० टक्क्यांनी घटलं आणि त्यावर जगणारे सूक्ष्म प्राणीही कमी झाले. उलट मायक्रोसिस्टिस हे विषारी नील-हरित शेवाळ शिंपले बाहेर टाकून देतात. त्यामुळे काही सरोवरांत तेच माजलं.

आखाताच्या खारट पाण्यात हा शिंपला जगणार नाही, हे खरं. पण त्याच्याच कुळातला, मचूळ आणि खाऱ्या पाण्यातही तगणारा एक अमेरिकन शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणमला आणि पुढे मुंबई बंदरात सापडला.

अशा जिवांना सर्रास ‘घुसखोर’ म्हणतात. परक्या देशात राहणाऱ्या आपण तरी हा शब्द जपून वापरावा. शिंपला आपण होऊन आला नाही, त्याला व्यापाराने आणलं. नफा जहाजवाल्यांचा, तोटा मात्र मासेमारांचा आणि तळ्याचा, हा कुठला न्याय?

२००४ चा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये लागू झाला. सोडलेल्या दर घनमीटर पाण्यात ५० मायक्रॉन वा त्याहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी हवेत, असा त्याचा दंडक आहे. दंडक चांगला आहे. पण नुसतं प्रमाणपत्र पाहून भागणार नाही. पाण्याचे नमुने तपासले जावेत आणि निष्कर्ष सर्वांसमोर यावेत.

आपल्यापैकी कित्येक जण बंदरांत आणि कारखान्यांत काम करतात. इथे प्रश्न विचारणं सोपं नाही, याची जाणीव आहे. तरी सुरक्षा बैठकीत एवढं विचारता येईल: हे पाणी तपासतं कोण?